फेरअर्जही फेटाळला, अपीलही नाही: मग कोर्टात मागायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. लेस्टरला राहणाऱ्या एक मराठी ताई दर गुरुवारी एका चर्चच्या हॉलमध्ये निर्वासितांच्या चहापाण्याच्या बैठकीला मदत करायला जातात. तिथे एक इराणी कुर्द तरुण येतो. त्याने २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये आश्रय मागितला, नकार आला. अपील केलं, पण २०२१ मध्ये न्यायाधीशांना त्याची हकिगत पटली नाही आणि अपील फेटाळलं गेलं. त्यानंतर तो लंडनला इराणच्या वकिलातीसमोरच्या निदर्शनांना जायला लागला, फेसबुकवर तिथल्या राजवटीविरुद्ध लिहायला लागला. ते सगळं जोडून त्याने पुन्हा मागणी केली. आता आठ पानी पत्र आलंय: नवं म्हणणं अमान्य, आणि या निर्णयावर अपील नाही. पत्र येऊन सात आठवडे झाले. ताई विचारतात, अपील का नाही? ज्युडिशियल रिव्ह्यूला गेलं तर कोर्ट त्याला आश्रय देईल का? आणि जावं की नाही?

ताई, मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. नाही, कोर्ट त्याला आश्रय देणार नाही. त्याची बाजू भक्कम असली, वकील चांगला मिळाला, न्यायाधीश सहृदय निघाले, तरी देणार नाही. जिंकला तर त्याच्या हातात एवढंच येईल: हे पत्र रद्द आणि निर्णय पुन्हा द्या. पुन्हा देणारं खातंही तेच, होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं. ते ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. पण त्या 'पुन्हा द्या'मध्ये पुष्कळ काही दडलेलं असतं, ते पुढे येईलच.

आपल्याकडे वकील लोक 'रिट टाकली' म्हणतात ना, तेच हे ज्युडिशियल रिव्ह्यू. मी लंडनला येण्याआधी काही वर्षं मुंबईत रिटची कामं केली, आणि इथे आल्यावर पहिली सुखाची गोष्ट कळली ती ही, की शब्द बदलले तरी गाभा तोच आहे. तहसीलदाराने जमीन कोणाला द्यावी हे हायकोर्ट सांगत नाही. तहसीलदाराने निर्णय घेताना बघायचं ते बघितलं का, नको ते धरून बसला का, कायदा समजून घेतला का, एवढंच तपासतं. फरक असा की भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आश्रयाचा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही, त्यामुळे या विषयातल्या खाचाखोचा मला इथे येऊन पहिलीपासून शिकाव्या लागल्या.

आता अपील का नाही ते. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांमध्ये पॅराग्राफ ३५३ नावाचा एक नियम आहे. आधीचा आश्रयअर्ज फेटाळला गेला, त्यावरचं अपीलही संपलं, आणि मग माणूस नवं काही घेऊन आला, तर त्याला 'नवा अर्ज' म्हणत नाहीत. त्याला म्हणतात 'फर्दर सबमिशन्स', म्हणजे पुढचं म्हणणं. खात्याने त्यावर दोन पायऱ्यांनी विचार करायचा. पहिली पायरी: या म्हणण्यावरून आश्रय द्यायचा का? नाही म्हटलं, तर दुसरी पायरी: आमचं उत्तर नाही असलं तरी हा 'फ्रेश क्लेम', म्हणजे खराखुरा नवा दावा ठरतो का? ठरला तर नकारासोबत अपीलाचा हक्क मिळतो आणि प्रकरण फर्स्ट-टियर ट्रायब्युनल, म्हणजे अशी अपीलं ऐकणाऱ्या पहिल्या पायरीच्या न्यायाधिकरणाच्या न्यायाधीशापुढे जातं. नाही ठरला, तर दार बंद. २०१९ मध्ये रॉबिन्सन नावाच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने यावर शिक्का मारला: अपील फक्त पहिल्या दाव्याला किंवा फ्रेश क्लेम म्हणून मान्य झालेल्या दाव्याला, अधल्यामधल्याला नाही.

यामागचं कारण अगदीच अन्यायाचं आहे असं मी म्हणणार नाही. दर सहा महिन्यांनी नवा कागद आणून नवं अपील मागता आलं असतं तर कुठलंच प्रकरण संपलं नसतं. पण दार उघडायचं की नाही हे ठरवणारा आणि ज्याच्याविरुद्ध दार ठोठावलं जातंय तो, दोघं एकच आहेत. म्हणूनच मागून कोर्टाची नजर लागते. भारतातून येणाऱ्यांपैकी काहींना हा अनुभव पहिल्याच फेरीत येतो: काही देश 'सर्वसाधारणपणे सुरक्षित' म्हणून यादीत आहेत, २००५ मध्ये भारताचं नाव तिच्यात घातलं गेलं, आणि त्या देशांच्या नागरिकांचा दावा उघडउघड निराधार ठरवला तर पहिल्या नकारावरही अपील मिळत नाही. तेव्हाही उरतो तो ज्युडिशियल रिव्ह्यूच.

फ्रेश क्लेम ठरायला दोन गोष्टी लागतात. मजकूर आधी विचारात न घेतलेला हवा. आणि जुन्या-नव्या सगळ्या सामग्रीचा एकत्र विचार केला तर यशाची खरीखुरी शक्यता दिसायला हवी. पहिलीवर फारसं भांडण होत नाही. सगळी लढाई दुसरीवर, आणि तिथे सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'शक्यता' हा आहे. २००६ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने डब्ल्यूएम (डीआरसी) या खटल्यात ही कसोटी नीट उलगडून सांगितली. खात्याने स्वतःला विचारायचा प्रश्न 'आम्हाला हे पटतं का' हा नाही. प्रश्न असा: उद्या हे प्रकरण एखाद्या ट्रायब्युनलच्या न्यायाधीशापुढे गेलं आणि त्याने डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं, तर या माणसाला परत पाठवण्यात खरा धोका आहे असं त्याला वाटण्याची शक्यता आहे का? त्याच निकालात कोर्टाने ही कसोटी तशी माफकच असल्याचं म्हटलं. नंतरच्या निकालांमध्ये तर ती शक्यता निव्वळ हवेतली नसली म्हणजे पुरे, इथपर्यंत भाषा गेली.

म्हणजे उंबरठा खालचा आहे. मग लोक अडखळतात का? कारण ज्युडिशियल रिव्ह्यूमधला न्यायाधीश तो उंबरठा स्वतः ओलांडून पाहत नाही. तो पाहतो की खात्याने बरोबर प्रश्न विचारला का, आणि त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर कुठल्याही समंजस अधिकाऱ्याला देता येण्याजोगं होतं का. वेन्सबरीची कसोटी, भारतात प्रशासकीय कायदा शिकलेल्या प्रत्येकाने हे नाव घोकलेलं असतं. १९४७ सालचा, रविवारच्या सिनेमाला लहान मुलांना सोडायचं की नाही असला भाबडा खटला, आणि त्याच्या कसोटीवर आज लोकांचं मरणजगणं तोललं जातं! अर्थात आश्रयाच्या प्रकरणात ही कसोटी तितकी सैल ठेवत नाहीत. अर्जदाराच्या बाजूने जाऊ शकेल अशी प्रत्येक बाब खात्याने विचारात घेतली होती हे निर्णयात दिसलं पाहिजे, असं कोर्टाने वारंवार बजावलंय.

म्हणून माझ्याकडे असं पत्र आलं की मी ते उलट्या बाजूने वाचते. शेवटची दोन पानं आधी. फ्रेश क्लेमचा परिच्छेद तिथे असतो. तुमच्या त्या मुलाचं पत्र मी पाहिलेलं नाही, तेव्हा नमुन्यादाखल मीच रचलेलं एक वाक्य घेते: 'तुमच्या फेसबुकवरील पोस्ट इराणी अधिकाऱ्यांच्या नजरेस आल्या आहेत याबद्दल माझी खात्री पटलेली नाही, म्हणून तुमच्या म्हणण्याला यशाची खरी शक्यता नाही.' हे वाक्य सावकाश वाचा. पहिला अर्धा भाग अधिकाऱ्याचं स्वतःचं मत आहे. दुसरा अर्धा भाग न्यायाधीशाला काय वाटू शकेल त्याबद्दल आहे. आणि दोहोंच्या मध्ये 'म्हणून' आहे. तो 'म्हणून' म्हणजे आमची भाकरी. अधिकाऱ्याची खात्री पटली नाही यावरून न्यायाधीशाची पटणारच नाही हे निघत नाही, आणि ते निघतं असं धरून चालणं ही कायद्याची चूक. नियमातले शब्द पत्राच्या सुरुवातीला जसेच्या तसे उतरवलेले असतात, पण तेवढ्याने भागत नाही. विचार खरोखर त्या वाटेने गेला का, हे पाहावं लागतं.

पण सावध. असा एक सैल 'म्हणून' सापडला की केस जिंकली, असं मुळीच नाही. बाकीच्या पानांवर अधिकाऱ्याने नीट कारणं दिली असतील आणि ती वाचून कुठल्याही न्यायाधीशाचं उत्तर नाहीच आलं असतं असं दिसत असेल, तर कोर्ट त्या वाक्याकडे काणाडोळा करतं.

दुसरं पाहायचं ते २०२१ च्या निकालाचा वापर. इथे २००२ पासून देवसीलन नावाचा एक दाखला घट्ट बसलाय: आधीच्या न्यायाधीशाचा निकाल हा पुढच्या विचाराचा आरंभबिंदू. आरंभबिंदू, शेवट नव्हे. त्यातलं दुसरं अंग विसरलं जातं. आधीच्या निकालानंतर घडलेल्या गोष्टी केव्हाही विचारात घेता येतात. संशयाने पाहायचं ते तेव्हाच हाताशी असून न दिलेल्या पुराव्याकडे. या मुलाची निदर्शनं आणि पोस्ट २०२१ नंतरच्या आहेत. पत्रात जर 'न्यायाधीशांनी तुम्हाला अविश्वसनीय ठरवलं आहे, सबब फेसबुकलाही वजन नाही' एवढ्यावर काम भागवलं असेल, तर तिथे बोट ठेवता येतं. इराणमध्ये काय घडलं याबद्दल माणूस खोटं बोलला असेलही, पण नाइट्सब्रिजला, वकिलातीसमोरच्या फुटपाथवर तो फलक धरून उभा होता हे त्यामुळे खोटं ठरत नाही.

मग खातं म्हणतं, हे सगळं नाटक आहे, आश्रय मिळावा म्हणून केलेलं. असेलही. यावर इथला कायदा लोकांना चकित करतो. डॅनियन नावाच्या १९९९ च्या खटल्यापासून हे ठरलेलं आहे की हेतू स्वार्थी होता एवढ्यावरून संरक्षण नाकारता येत नाही. तेहरानच्या विमानतळावर उभा असलेला अधिकारी 'अरे, याने मनापासून नव्हतं लिहिलं' म्हणून सोडून देणार आहे का? हेतूचा प्रश्न दुसऱ्या जागी येतो: परत जाण्याआधी हे फेसबुकचं खातं बंद करायला त्याला सांगता येईल का? मतं खरी असतील तर ती लपवून जग, असं सांगता येत नाही. सुप्रीम कोर्टाने हे २०१० मध्ये समलिंगी व्यक्तींच्या बाबतीत आणि २०१२ मध्ये झिंबाब्वेच्या राजकीय मतांच्या बाबतीत ठरवून दिलंय. मतं खरी नसतील तर ते खातं बंद कर म्हणणं चालतं. तेव्हा त्याचं मन खरं होतं की नाही याबद्दल काही पुरावा दिला होता का? त्याचं स्वतःचं सविस्तर निवेदन होतं का, की नुसता फोटोंचा गठ्ठा?

आणि इथे आपण त्या गोष्टीकडे येतो जी सांगण्यासाठी मी एवढं लिहितेय. ज्युडिशियल रिव्ह्यूमध्ये कोर्ट फक्त तेच पाहतं जे निर्णय देणाऱ्याच्या टेबलावर होतं. नंतर मिळालेलं पत्र, नंतर केलेलं भाषांतर, नंतर लिहून घेतलेला तज्ज्ञाचा अहवाल, यातलं काहीही तिथे कामाला येत नाही.

मला हे पुस्तकातून माहीत होतं, कळलं मात्र फील्ड हाउसमध्ये. चॅन्सरी लेनजवळ, ब्रीम्स बिल्डिंग्ज नावाच्या बोळात अप्पर ट्रायब्युनलची, म्हणजे वरच्या पायरीच्या न्यायाधिकरणाची, ती इमारत आहे. नवीन होते तेव्हाची गोष्ट. अशील दुसऱ्या देशाचा, पण प्रकरण याच जातीचं. नकारानंतर आम्ही झपाटल्यासारखे कामाला लागलो, वीतभर जाड पुरावा गोळा केला, टॅब लावले, अनुक्रमणिका केली. मला त्या गठ्ठ्याचा अभिमान वाटत होता. सुनावणीला न्यायाधीशांनी तो उचलून नुसता हातात तोलला आणि आमच्या बॅरिस्टरला विचारलं, यातलं किती निर्णयाच्या दिवशी खात्याकडे होतं? बॅरिस्टरने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुढचं सगळं दहा मिनिटांत आटोपलं. बाहेर आल्यावर अशिलाने विचारलं, त्यांनी वाचलं का? काय सांगणार होते मी? चूक माझी होती. तो गठ्ठा कोर्टात न्यायचा नव्हता, तो घेऊन पुन्हा नवं म्हणणं मांडायचं होतं.

तर मग या मुलाने फेसबुकचं काय दिलं होतं? माझा अंदाज, स्क्रीनशॉट. सगळेच देतात. तेवढंच दिलं असेल तर कोर्टात जायच्या आधी दहा वेळा विचार करा. कारण जानेवारी २०२२ मध्ये अप्पर ट्रायब्युनलने नेमक्या याच विषयावर इराणसाठी मार्गदर्शक निकाल दिला. एक्सएक्स या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो, आणि असे निकाल खालच्या न्यायाधीशांना पाळावे लागतात. त्यात काय म्हटलंय? फेसबुकच्या पानांच्या छापील प्रतींना फार थोडं वजन, कारण त्यांच्यात फेरफार करणं सोपं आहे. उलट अख्ख्या खात्याची माहिती फेसबुककडून काही मिनिटांत उतरवून घेता येते, मग ती का दिली नाही? इराणी सरकार सरसकट सगळ्यांचं फेसबुक चाळू शकतं असं दिसत नाही, ते निवडक लोकांवर नजर ठेवतं. आणि खरी अडचणीची जागा म्हणजे परत पाठवण्यासाठी लागणाऱ्या तातडीच्या प्रवासी कागदपत्रासाठी वकिलातीकडे अर्ज जातो ती. त्या वेळी नाव टाकून साधा शोध घेतला जाईल.

हे सगळं खात्याच्या पथ्यावर पडतं. स्क्रीनशॉटवर आधारलेलं म्हणणं एक्सएक्सचा हवाला देऊन फेटाळलं असेल, तर तो निर्णय असमंजस आहे असं कुठल्याही न्यायाधीशाला पटवणं कठीण.

पण इराणी कुर्दांसाठी आणखी एक मार्गदर्शक निकाल आहे, २०१८ चा, एचबी. त्यात म्हटलंय की नुसतं कुर्द असणं पुरेसं नाही, पण परतणाऱ्या कुर्दाकडे जास्त संशयाने पाहिलं जातं, आणि कुर्दांच्या राजकारणाबद्दल इराणी यंत्रणेचं बोट कायम चापावर असतं. अगदी किरकोळ वाटणाऱ्या कृतीवरूनही जिवाशी गाठ पडू शकते. निदर्शनांबद्दल २०११ चा बीए हा निकाल आहे: निदर्शन कसलं, माणसाची त्यात भूमिका काय, किती वेळा गेला, प्रसिद्धी किती मिळाली, हे तोलायला सांगणारा. आता पत्र घ्या आणि पाहा. फेसबुक एका परिच्छेदात मोडीत काढलंय, निदर्शनं दुसऱ्यात, कुर्द असणं तिसऱ्यात, आणि तिन्ही एकत्र धरून विचार कुठेच नाही, असं आहे का? असेल, तर मला तुमच्या पत्रात रस आहे. नियमच सांगतो की सगळी सामग्री एकत्र घेऊन पाहा. सुटी काडी मोडतेच. मोळीचं काय होतं ते पत्रात नसेल तर ती खरी फट, सैल 'म्हणून'पेक्षा कितीतरी मोठी.

वेळेचं. ज्युडिशियल रिव्ह्यूची मुदत निर्णयापासून तीन महिने, आणि त्यातही 'तत्परतेने'. सात आठवडे गेलेत म्हणजे निम्म्याहून जास्त संपली. आधी खात्याला वकिलाची नोटीस द्यायची असते, तिच्या उत्तराला साधारण चौदा दिवस. ही पायरी टाळू नका. अनेक प्रकरणं इथेच मिटतात: खात्याच्या वकिलाला स्वतःच्या पत्रातली फट दिसते आणि निर्णय मागे घेतला जातो. उत्तर आलं नाही म्हणून तीन महिन्यांचं घड्याळ मात्र थांबत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये फ्रेश क्लेमची अशी प्रकरणं २०११ पासून हायकोर्टाऐवजी अप्पर ट्रायब्युनलकडे जातात. तिथे आधी परवानगी लागते, ती कागदावर ठरते. नाही मिळाली तर नऊ दिवसांत तोंडी सुनावणी मागता येते, पण न्यायाधीशांनी अर्ज 'पूर्णतः निराधार' असा शेरा मारला तर तीही नाही. मग फक्त कोर्ट ऑफ अपील. परवानगी मिळाली की वारं फिरतं. खातं बरेचदा त्या टप्प्यावर तडजोड करतं: ठराविक मुदतीत, सहसा तीन महिन्यांत, नव्याने निर्णय देऊ.

आणि त्या नव्या निर्णयातच ते 'पुष्कळ काही' असतं. फेरविचारासाठी प्रकरण परत गेलं की त्या दिवसापर्यंतचं सगळं पुन्हा टेबलावर ठेवता येतं. तोवरचा नवा पुरावा, नवे मार्गदर्शक निकाल, बदललेली परिस्थिती. खातं पुन्हा नाही म्हणेल, ही शक्यता मोठी आहे. पण या खेपेला त्याने हा फ्रेश क्लेम मानला, तर नकारासोबत अपीलाचा हक्क येतो, आणि इतक्या वर्षांनंतर तो मुलगा पुन्हा एकदा न्यायाधीशासमोर उभा राहून बोलू शकतो. आम्ही लढतो ते त्या नकारासाठी. नातेवाइकांना हे समजावताना मला नेहमी गंमत वाटते: आपल्याला नकारच हवाय, पण अपीलवाला!

खात्याची आणखी एक चाल ध्यानात ठेवा. खटला चालू असतानाच ते 'पुरवणी पत्र' पाठवतं, पहिल्या पत्रातल्या फटी बुजवणारं. मग कोर्टाला प्रश्न पडतो की पहिल्याचं काय करायचं. असं पत्र आलं तर त्यावरही आक्षेप घ्यायचा की खटला मागे घ्यायचा, हे वकिलाने लगेच ठरवावं लागतं. पुरवणी पत्र चांगलं लिहिलेलं असेल तर हट्ट करून पुढे जाणं महागात पडतं, कारण हरणाऱ्यावर समोरच्याचा खर्च चढतो. कायदेशीर मदत, म्हणजे लीगल एड, या प्रकरणांना मिळू शकते. पण त्या दरात काम करणारा मोकळा वकील सापडणं हे स्वतःच एक काम होऊन बसतं. परवानगी मिळाली नाही तर त्या वकिलाला कोर्टातल्या कामाचे पैसे मिळतीलच असं नसतं. तो नाही म्हणाला तर लगेच रागावू नका. त्याला केसमध्ये काय दिसत नाही ते विचारा.

परत पाठवण्याचं भय. नवं म्हणणं खात्याकडे पडून असेपर्यंत नियमाप्रमाणे त्याला विमानात बसवता येत नाही. ते फेटाळल्यावर ते कवच जातं. ज्युडिशियल रिव्ह्यू दाखल केला की विमान आपोआप थांबतं, हा समज चुकीचा आहे. तारीख लागली असेल तर तातडीची स्थगिती वेगळी मागावी लागते. तो होम ऑफिसला हजेरी द्यायला जात असेल तर जाताना वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवू दे. फोन काढून घेतला तर पाठ नसलेला नंबर काय कामाचा? पुन्हा म्हणणं मांडलं आणि उत्तराला वर्ष उलटलं तर काम करण्याची परवानगी मागता येते, हेही त्याला सांगा. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने हा हक्क दुसऱ्यांदा मागणाऱ्यांनाही दिलाय. कामं मात्र ठराविक यादीतलीच.

मग जावं की नाही? पत्रात मोळीचा विचार नसेल, किंवा २०२१ च्या निकालालाच पूर्णविराम मानलं असेल, तर जावं, आणि या आठवड्यात वकील गाठावा. पत्र विचारपूर्वक लिहिलेलं असेल आणि कमतरता त्याच्याच पुराव्यात असेल, तर कोर्टाचा नाद सोडून पुन्हा नीट म्हणणं मांडावं. 'अजून एकदा? तेच?' असं तो वैतागून म्हणेल. तेच नाही. पूर्वी हे कागद द्यायला स्वतः लिव्हरपूलला जावं लागायचं; माझे अशील रात्रीची कोच पकडून, प्लॅस्टिकच्या फोल्डरात चार कागद घेऊन पहाटे तिथे उतरायचे. २०१५ पासून सगळ्यांना तशी सक्ती होती, कोविडमध्ये ती सुटली. पण त्या चार कागदांची सवय सुटली नाही. दोन्ही वाटा एकदम धरण्याचा मोह टाळा, निदान वकिलाला विचारल्याशिवाय. नवं म्हणणं दिलं की जुन्या पत्रावरचा खटला निरर्थक झाला असं खातं हमखास म्हणतं.

तुमच्यासाठी एक सूचना, ताई. तुम्ही मनापासून करताय, पण त्याचं म्हणणं स्वतः लिहून देऊ नका. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे फौजदारी गुन्हा आहे, फुकट दिला तरी. चर्चच्या हॉलमध्ये बसून तुम्हाला करता येईल असं काम वेगळंच आहे आणि ते वकिलापेक्षा तुम्हीच चांगलं कराल. त्याला एका दुपारी लॅपटॉपसमोर बसवा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये जाऊन 'तुमची माहिती डाउनलोड करा' हा पर्याय शोधा. काळ 'सुरुवातीपासून आजपर्यंत' असा निवडायला सांगा, नाहीतर शेवटचं एखादं वर्षच उतरतं. जी फाइल येईल ती उघडून बदलू नका, तशीच पेन ड्राइव्हवर ठेवा. कुठल्या दिवशी, कुठून लॉग-इन केलं, पोस्ट कधी टाकली, हे सगळं तिच्यात असतं. मग एकेक पोस्ट पाहा. तारखेशेजारी पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह आहे की दोन माणसांचं? गोळा असेल तर ती सगळ्या जगाला दिसते, माणसं असतील तर फक्त मित्रांना, आणि मित्रांपुरत्या पोस्टचा इराणी अधिकाऱ्याच्या शोधात सापडण्याचा प्रश्न फारसा येत नाही. सोरानीत, म्हणजे कुर्दीत, किंवा फारसीत लिहिलेल्याचं नोंदणीकृत भाषांतरकाराकडून भाषांतर हवं. मी शेकडो पानं पाहिलीत ज्यांत काय लिहिलंय हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि भाषांतर नाही म्हणून ती बाजूला टाकली गेली. निदर्शनांच्या फोटोंमागे तारीख, ठिकाण, तो नेमका कुठे उभा आहे, फोटो कोणी काढला, दुसऱ्या कोणी तो आपल्या खात्यावर टाकला का, हे त्याच्याकडून विचारून एका वहीत लिहून ठेवा.

आणि ते पत्र आलं त्या पाकिटावरचा शिक्का. पत्र केव्हा निघालं ते त्यावरून कळतं, आणि मुदतीचा वाद झाला तर ते लागेल. पाकीट फेकलं नसेल तर उद्याच त्याच्याकडून मागून घ्या.